डरबनचे नायडू कुठले?

आडनावांची आवक-जावक
वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त कारकुनाची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा चार वर्षांपासून जोहान्सबर्गला नोकरीला आहे. त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न करायचे ठरवले आहे. मुलगी डरबनची, आडनाव नायडू. स्पेलिंग मात्र आपल्याकडच्यासारखे नाही, शेवटी यूच्या जागी दोन ओ. मुलगी गोड आहे, व्हिडिओ कॉलवर माझ्याशी छान बोलते. ती म्हणते, "आम्ही तमिळ." पण तमिळ तिलाही येत नाही आणि तिच्या आईलाही नाही. माझे मोठे दीर म्हणतात, नायडू म्हणजे तेलुगू, मग ही तमिळ कशी? काहीतरी लपवताहेत. मुलगा म्हणतो, आई, इथे दर दुसरा माणूस नायडू नाहीतर गोवेंडर, हे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत की काय असे मलाही वाटायचे. हे नायडू मूळचे कुठले? तिचे मूळ गाव सापडेल का?
— एक आई, अमरावती

उत्तर : ताई, आधी तुमच्या दिरांची शंका निकालात काढू. नायडू असून तमिळ असणे यात लपवालपवी काही नाही. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यात त्यांचा उजवा हात असलेले थंबी नायडू घ्या. जन्म १८७५, तोही मॉरिशसचा. आडनाव तेलुगू वळणाचे, आणि गृहस्थ जोहान्सबर्गच्या तमिळ मंडळाचे अध्यक्ष. 'थंबी' म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. १९०८ साली गांधीजींवर हल्ला झाला तेव्हा मध्ये पडून मार खाणाऱ्यांत हे होते. त्यांना कोणी विचारले नाही, तुम्ही नायडू मग तमिळ कसे म्हणून.

आता हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? भाषातज्ज्ञ मी नाही. एका मोठ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत ३१ वर्षे सेवापुस्तके लिहिली, एवढेच भांडवल. त्याआधीचे एक घरचे भांडवल आहे, ते सांगतो.

आमच्या बाबांना आम्ही दोन मुले. मोठ्याला शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी आजोबांना विचारले, पोराचा बाप काय करतो? आजोबा म्हणाले, मेस्त्री आहे, भिंती बांधतो. भाऊ झाला मेस्त्री. चार वर्षांनी मला दुसऱ्या शाळेत घातले. तिथल्या गुरुजींनी विचारले, तुम्ही मूळचे कुठले? उत्तर गेले, चांदूरचे. मी झालो चांदूरकर. एका आईची दोन लेकरे, दोन आडनावे. बाबा गेल्यावर घराच्या फेरफारासाठी गेलो तर तिथल्या बाबूने दोघांना समोर बसवून विचारले, तुम्ही सख्खे भाऊ आहात याला पुरावा काय? म्हटले, साहेब, नाक तर पाहा. तो म्हणाला, नाकाला रकाना नाही. मग स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरी, आणि साडेचार महिने. तेव्हापासून कोणाचेही आडनाव ऐकले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो जातीचा किंवा गावचा नाही. लिहून कोणी घेतले, हा.

डरबनच्या नायडूंची सगळी कथा या प्रश्नात आहे.

पण आधी शब्द. नायडू आपल्याला परका नाहीच. मूळ संस्कृत नायक. आपल्याकडे त्याचा झाला नाईक. तेलुगूत पुरुषाच्या नावाला 'डु' लागतो: राम तो रामुडु, कृष्ण तो कृष्णुडु. तसा नायक तो नायकुडु आणि तोंडात घासून घासून नायुडु. तमिळांनी त्याच नायकाला आदराचा 'अर' लावून नायक्कर केले, ते डरबनला नायकर म्हणून नांदते. म्हणजे तुमच्या गल्लीतले नाईक, आंध्रातले नायडू आणि डरबनचे नायकर ही एकाच शब्दाची तीन भावंडे. स्टॅम्प पेपर लागेल, पण आहेत.

नागपूरकराला नायडू म्हटले की सी. के. च आठवणार. १८९५ साली नागपुरात जन्मले, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध १५३ धावा काढताना ११ षटकार मारले, ते आमचे वडील स्वतः पाहिल्यासारखे सांगत. त्या साली त्यांचा जन्मही झाला नव्हता. तर या सी. के. चे पूर्ण नाव कोट्टारी कनकैया नायुडू. जरा बारकाईने बघा. कोट्टारी हे घराण्याचे नाव. तेलुगूत त्याला इंटिपेरु म्हणतात, म्हणजे घराचे नाव, आणि ते सगळ्यांत आधी येते. कनकैया हे त्यांचे स्वतःचे. शेवटचा नायुडू हा आपल्याकडच्या राव, पंत, पाटील यांसारखा मान. आडनाव म्हणाल तर ते त्या पहिल्या 'सी'त दडलेले. चंद्राबाबूंचेही तसेच, नारा हे घराणे आणि नायडू हे बिरुद. आणि हे बिरुद एका जातीचेही नाही. कापू, बलिजा, कम्मा, वेलमा, निरनिराळ्या समाजांतले लोक ते लावतात. तेव्हा खुद्द आंध्रातसुद्धा नुसते 'नायडू' ऐकून तुमच्या दिरांना फारसे काही कळले नसते.

आता डरबन. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' नावाचे जहाज नाताळला लागले. (सण नव्हे, प्रांत. नाव मात्र सणावरूनच: वास्को द गामा १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्यावरून गेला.) जहाजावर ३४२ माणसे. दहा दिवसांनी कलकत्त्याहून दुसरे जहाज आले. मग १९११ पर्यंत ही आवक चालू राहिली आणि एकूण १,५२,१८४ माणसे उतरली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश मद्रासहून गेलेली. काम उसाच्या मळ्यात. करार पाच वर्षांचा, पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, पुढे दरसाल एक शिलिंग वाढ. अ‍ॅग्रीमेंट या शब्दाचे लोकांच्या तोंडी झाले गिरमिट. आपल्या सुताराच्या गिरमिटाशी त्याचा काही संबंध नाही, पण पाच वर्षे ज्याच्या अंगात ते फिरले त्याला फरक जाणवला नसेल.

मला रस आहे तो वहीत. उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद होई. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, स्त्री की पुरुष, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, आणि अंगावरच्या खुणा. हो, त्या वहीत नाकालासुद्धा रकाना होता! फक्त एक रकाना नव्हता, आडनावाचा. नाव मुनिसामी, बाप वेंकटसामी, संपले. तमिळ मुलखात नाव सांगायची पद्धतच ती. आधी बापाच्या नावाचे अक्षर, मग आपले नाव. तेलुगू माणूस घराण्याचे नाव सांगतही असेल, पण मळ्यावर त्याला हाक मारायची ती क्रमांकाने नाहीतर मुनिसामी म्हणून. त्यात इंटिपेरु कोण लिहिणार? ते तिथेच, धक्क्यावर, गळले.

खरी गंमत करार संपल्यावर. माणूस सुटा झाला, कुठे जमीन खंडाने घेतली, भाजी विकू लागला, मुलाला मिशनच्या शाळेत घातले. आता प्रत्येक कागद विचारू लागला, सरनेम? आजोबांना मास्तरांनी विचारले तेच हे. कोणी बापाचे नाव सांगितले, म्हणून आज तिथे मुनसामी, रामसामी, पेरुमाळ, चिन्नसामी ही आडनावे आहेत. कोणी जातीचे बिरुद सांगितले. आणि कोणी कानाला भारदस्त वाटेल ते सांगितले. अगदी बरे केले. सात समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला, जिथे गोरा त्याला सरसकट 'कुली' म्हणतो तिथे, आपल्या नातवाच्या नावापुढे नायक लावावासा वाटला तर बिघडले काय? जहाजाच्या वहीत आजोबांची जात एक आणि नातवाच्या दाखल्यावर बिरुद दुसऱ्याचे, हे नाताळात सर्रास झाले आहे. म्हणून डरबनच्या नायडूची जात आडनावावरून काढायला बसाल तर माझ्या आडनावावरून माझ्या भावाचे नाव काढल्यासारखे होईल.

तुमच्या मुलाला दर दुसरा माणूस नायडू का भेटतो, तेही यातच आले. आपल्याकडे गाव तितकी 'कर'. तिथे बिरुदे डझनभर आणि माणसे लाखांनी, मग दाटी होणारच. २०२२ च्या जनगणनेत दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचे सुमारे १७ लाख लोक मोजले गेले. त्यांतल्या दक्षिणेकडच्यांची मोठी संख्या नायडू, गोवेंडर, पिल्ले, मूडली, रेड्डी, चेट्टी अशा मोजक्या घरांत वाटली गेलेली. चुलतभाऊ वगैरे काही नाहीत.

यांतले एकेक आडनाव उलगडून बघण्यासारखे आहे. गोवेंडर म्हणजे बहुतेकांच्या मते कौंडर, कोइम्बतूरकडचे. त्याच समाजाची माणसे फिजीला गेली तर तिथल्या बाबूने त्यांना गाउंडर लिहिले. मूडली म्हणजे मुदली, मुदलियार. मुदल म्हणजे पहिला, मूळचा. आपण व्याज-मुद्दल म्हणतो ना, ते मुद्दल याच गोतातले. चेट्टी आपल्या शेटचा भाऊ. पडयाचीमध्ये 'पडै' आहे, म्हणजे सैन्य. पिल्ले म्हणजे लेकरू, पण मानाने म्हटलेले, जसे आपण राजाच्या घरी 'बाळराजे' म्हणू. आणि एक आडनाव वाचून मी खुर्चीतून उठलो होतो: मेस्त्री! पोर्तुगिजांच्या शब्दावरून आलेले, मद्रासकडेही मुकादमाला आणि कारागिराला मेस्त्रीच म्हणत. भावाला फोन करून सांगितले, तुझे भाऊबंद डरबनला निघाले. तो म्हणाला, फेरफाराला बोलवू का?

दोन ओचे म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. जुना इंग्रज 'ऊ' ऐकला की दोन ओ लिहायचा. आपले पुणे तो कसे लिहायचा आठवते ना? तेच. हिंदूसुद्धा दोन ओंनी लिहीत. इकडे १८७० च्या दशकात हंटरसाहेबांची स्पेलिंगची नवी पद्धत सरकारने स्वीकारली आणि हळूहळू आपल्याकडचा नायडू यूचा झाला. तिकडच्या वहीला ते कळवायला कोणी गेले नाही. तुमच्या सुनेच्या आडनावात जुन्या वळणाचे अक्षर तसेच जपून राहिले आहे.

हे सारे बाबूच्या पेनाने झाले असे मी म्हणतो ते उगाच नाही. हीच तमिळ माणसे, हाच मुलूख, पण जहाज मलायाला गेले तर तिथल्या कचेरीने बापाचे नाव पुरे मानले. आजही मलेशियातल्या तमिळ माणसाच्या ओळखपत्रावर स्वतःचे नाव, मध्ये 'चा मुलगा' अशा अर्थाची दोन अक्षरे, आणि बापाचे नाव. आडनाव नाही ते नाहीच. आणि खुद्द तमिळनाडूत? १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिथे जातीची बिरुदे टाकून द्यायचे ठरले. पेरियारांनी स्वतःचे नायकर टाकले. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मुदलियार, पिल्ले, नायकर दारावरच्या पाट्यांवरून पुसट होत गेले. आज डरबनचा मूडली हौसेने चेन्नईला उतरतो आणि त्याला मूडली शोधूनही पटकन सापडत नाही. बिरुद परदेशात टिकले आणि घरी गेले.

आता तमिळ की तेलुगू. विजयनगरच्या काळापासून तेलुगू नायक सरदार दक्षिणेत उतरले, मदुराईला त्यांनी १५२९ ते १७३६ राज्य केले. त्यांच्यामागे गेलेली कुटुंबे तमिळ मुलखात राहिली, घरात तेलुगू आणि दारात तमिळ. (तंजावरला आपले लोक गेले त्यांचेही असेच, आडनावे गळाली आणि मागे नुसते 'राव' उरले.) त्यातून उत्तर आर्काट आणि चित्तूर हा भाग तर दोन भाषांच्या सरहद्दीवरचा. तिथला माणूस मद्रासच्या धक्क्यावरून चढला की मद्रासी. डरबनला पुढे 'तमिळ' हा शब्द भाषेपेक्षा रीतीभातींचा झाला. आमचे लग्न तमिळ पद्धतीचे, त्यांचे हिंदी पद्धतीचे, असे तिथे बोलतात. आपण तेलुगू आहोत हे वेगळेपण विसरले जाऊ नये म्हणून तिथल्या आंध्र मंडळींनी १९३१ साली आंध्र महासभा काढली, यावरून काय ते ओळखा. मुलीला भाषा येत नाही, यात तिचा दोष नाही; शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी. कावडीचा उत्सव मात्र तिच्या घरी चुकत नसेल, विचारून पाहा.

आपले नाते या गोष्टीशी नाही असेही नाही. ही मजुरांची पाठवणी थांबावी म्हणून १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणणारे गोपाळ कृष्ण गोखले. पुढच्या वर्षी जुलैपासून नाताळची भरती बंद झाली. १९१२ साली गोखले स्वतः तिकडे गेले. जोहान्सबर्गच्या एका सभेत कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू आहेत असे कळल्यावर गांधीजींनी आग्रह धरला, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गोखल्यांना हसू आले. गांधीजींचे हिंदुस्तानी त्यांना माहीत होते, आणि मराठी कुठून शिकले हा प्रश्न होताच. पण बोलले मराठीतच, आणि भाषांतर झाले. गांधीजींनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. तुमच्या व्हिडिओ कॉलवर हल्ली जे चालत असेल ते काही पहिल्यांदा होत नाही.

गाव सापडेल का? सापडू शकते, आणि आपल्याकडच्या वंशावळीपेक्षा सोपे जाईल, कारण वही आहे. युक्ती सांगतो. मुलीच्या आजीकडे जुने जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले असतील. त्यांवर बापाच्या किंवा आजोबाच्या नावाशेजारी एक क्रमांक असतो, तो वसाहतीचा क्रमांक. तो मिळाला की अर्धे काम झाले. जहाजांच्या याद्या डरबनच्या विद्यापीठातल्या गांधी-लुथुली दफ्तर केंद्राने संगणकावर घेतल्या आहेत, आणि मजुरांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचे जुने कागद पीटरमॅरिट्झबर्गच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. क्रमांकावरून नाव, बाप, जिल्हा, गाव निघते. पण गाव लिहिले आहे इंग्रजाच्या कानाने. ते डोळ्यांनी वाचू नका. चित्तूरकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने उच्चारून ऐकवा, दोन-तीन तऱ्हांनी. आमच्या शाखेत एका माणसाचे गाव सेवापुस्तकात 'वरवत' होते, तो म्हणायचा माझे गाव वरवट. नकाशात बोट फिरवून हरलो. चहावाल्याने ऐकून एका दमात जिल्हा-तालुका सांगितला.

आणखी एक, आजीला हळूच इंटिपेरु विचारा. घराचे नाव काय होते, एवढेच. काही घरांत लग्न जुळवताना ते अजून काढतात. मिळाले तर ते कोट्टारीसारखे, आडनावाच्या आधीचे आडनाव.

राहता राहिले दीर. त्यांना म्हणावे, जात विचारायची असेल तर आधी माझ्या भावाची आणि माझी वेगवेगळी काढून दाखवा. आमच्या शाखेतले नायडू डब्यात गोंगुरा आणायचे, आम्ही अंबाडी म्हणून हाणायचो, भांडण फक्त फोडणीत लाल मिरची किती यावर. सून आली की अंबाडीची भाजी आणि भाकरी करा.

प्रश्न : मॉरिशसला सहलीला गेलो होतो. तिथे मराठी मंडळी भेटली, गणपतीची आरती पाठ, पण कोणाचे आडनाव शिंदे-जाधवांसारखे वाटेना. ज्याला त्याला आडनाव म्हणून एखाद्या पणजोबाचे नाव. असे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वरचे उत्तर वाचलेत तर अर्धे तुम्हाला मिळाले असेल. मॉरिशसची आवक नाताळच्याही आधीची, २ नोव्हेंबर १८३४ पासूनची. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे उतरली. मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसे त्यांत थोडी, म्हणून त्यांना तिथे मुंबईवालेच म्हणत. वहीत एकच नाव आणि बापाचे नाव, ही तीच तऱ्हा. उतरलेल्या भिवाजीच्या पोराला शाळेत आडनाव विचारले, त्याने बापाचे सांगितले, आणि घराणेच भिवाजी झाले. १८९६ साली त्या बेटावर पहिला गणपती बसवला तो भिवाजी कुटुंबानेच, असे तिथे सांगतात. शिंदे-जाधव त्या बोटीतून गेले नसतील असे नाही. त्यांना त्या दिवशी कोणी विचारले नाही.

शेजारच्या रेयूनियन बेटावर बाबू फ्रेंच होता, त्यामुळे तिथली तमिळ नावे आणखी मजेदार. वीरा पिल्ले हे दोन शब्द मिसळून तिथे वीरापुले असे एकच आडनाव झाले. त्या आडनावाचे एक पुढारी फ्रान्सच्या संसदेत होते. मॉरिशसचे जुने कागद मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. काही नोंदींसोबत माणसांचे फोटोही आहेत. पुन्हा गेलात तर समुद्रकिनाऱ्याचा एक दिवस कमी करा आणि तिथे जा.

प्रश्न : माझ्या कंपनीत चेन्नईचा एक मुलगा आहे. त्याला आडनावच नाही. अमेरिकेच्या व्हिसावर त्याचे पहिले नाव भलतेच काहीतरी छापून आले. आम्ही त्याला हसतो. हे खरेच असे असते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्याला हसू नका, छापणाऱ्याला हसा. पासपोर्टवर एकच नाव असले की अमेरिकेचा व्हिसा ते नाव आडनावाच्या जागी घालतो आणि पहिल्या नावाच्या जागी 'पहिले नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे छापतो. मग तिकडे बँकेत, दवाखान्यात त्याला त्या तीन अक्षरांनीच हाक मारतात. विश्वनाथन आनंदलाही जगभर 'मिस्टर विश्वनाथन' म्हणत. ते त्याच्या वडिलांचे नाव.

पण तुम्ही सोलापूरचे असून हे विचारता याचे नवल वाटले. तुमच्याच पूर्व भागात पद्मशाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मागावर आहेत. त्यांनी मराठी मुलखात येऊन बिरुद लावले नाही, घराण्याचे नावच आडनाव केले. नरसय्या आडम मास्तरांचे आडम घ्या. म्हणजे डरबनला जे धक्क्यावर गळले ते तुमच्या गल्लीत दारावर लावलेले आहे. त्या चेन्नईच्या मुलाला सांगा, पुढच्या पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव लिही, दोन्ही रकाने भर. आणि भरण्याआधी आई-वडिलांना विचार. पुढच्या शंभर वर्षांचे आडनाव तो त्या चौकोनात लिहिणार आहे, तेही बहुधा रात्री अकराला, लॅपटॉपवर, पान टाइम आउट व्हायच्या आत.